माळकरी घरातलं युरिक ॲसिड

१८ जुलै २०२४ची रात्र. आदल्या दिवशी आषाढी झाली होती, द्वादशीचं जेवण करून आम्ही लवकर निजलो होतो. रात्री अडीचच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्यानं मला उठवलं. दिवा लावून पाहिलं तर अंगठ्याच्या मुळाशी सांधा टरटरून सुजलेला, लाल आणि तापलेला. चादरीचं टोक लागलं तरी जीव जात होता. ह्यांनी पंखा वाढवला, तर वाराही सोसेना. विंचू चावला की काय म्हणून ह्यांनी सगळी गादी झटकली. पाय उशीवर ठेवून मी उजाडेपर्यंत बसून राहिले. दोन बाळंतपणं झालीत माझी, म्हणून सांगते, हे दुखणं त्याच्या खालोखाल होतं.

मी साताऱ्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ५६. सासर माळकरी, कोरेगाव तालुक्यातलं माहेरही माळकरी. मटण, मासे, अंडी आयुष्यात तोंडाला लागलेली नाहीत. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून फलटणपर्यंत चालते. हा गाऊट होता, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड साठून सांधा सुजतो तो आजार. पण त्या रात्रीपासून त्याचं खरं कारण हाती यायला मला सव्वाचार महिने लागले, आणि त्यातला बराच काळ मी डाळीला आणि पालकाला दोष देण्यात घालवला. दुसऱ्या कुणाचा तेवढा वेळ वाचावा म्हणून तारखा, खर्च आणि चुका सगळं लिहून ठेवते आहे. शाळेमुळे रोजनिशीची सवय आहे, तिचा उपयोग झाला.

१९ जुलैला जवळच्या एका दवाखान्यात गेले. किडा चावून त्वचेखाली जंतू गेलेत असं निदान झालं. अँटिबायोटिक पाच दिवस, फी २५० रुपये. रक्त तपासायला सांगितलं, त्यात युरिक ॲसिड ५.८ आलं. लॅबच्या कागदावर बायकांसाठी २.६ ते ६.० असं छापलेलं होतं. "नॉर्मल आहे, म्हणजे गाऊट नाही," असं ऐकून मीही तो शब्द डोक्यातून काढून टाकला. शाळेला पाच दिवसांची परिवर्तित रजा टाकली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: या पाच दिवसांपोटी खात्यावरची दहा दिवसांची अर्धवेतनी रजा वजा होते, आणि हजर होताना फिटनेसचा दाखला लागतोच. तो घ्यायला परत त्याच दवाखान्यात जावं लागतं, म्हणून शेवटच्या भेटीतच मागून घ्या.

नवव्या दिवशी सूज आपोआप ओसरली. अँटिबायोटिकनं बरं वाटलं असं आम्ही समजलो. गाऊटचा झटका औषधाविना आठ-दहा दिवसांत स्वतःच उतरतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? आणि दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड खाली आलेलं दिसू शकतं. सूज भडकलेली असताना मूत्रपिंडं काही दिवस ते एरवीपेक्षा जास्त बाहेर टाकतात. त्यामुळे दुखत असताना आकडा सरळ आला तर तेवढ्यावर थांबू नका. दुखणं शमल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

दुसरा झटका ७ सप्टेंबरच्या रात्री आला. ६ तारखेला हरतालिका होती, मी ती निर्जळी करते. ७ला गणपती बसले, दिवसभर मोदकांचा राबता, आणि रात्री तोच अंगठा. या खेपेला घोट्यापर्यंत सूज होती. गौरी आल्या तेव्हा मी खुर्चीत बसून सूनबाईला पावलं काढताना बघत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा गौरीच्या नैवेद्याला माझा हात लागला नाही. त्याचं जे वाटलं ते वाटलं.

यावेळी एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी पाय बघताच गाऊट म्हटलं. कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली, सोबत थोडे दिवस वेदनाशामक. दोन दिवसांत पाय जमिनीला टेकला. पोट थोडं सैल झालं, ते या गोळीनं होतंच. त्यांनी बजावलं की अंगदुखीला घरात पडलेली ॲस्पिरिन घेऊ नका, कमी मात्रेत ती युरिक ॲसिड अडवून धरते. (हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही.) ३० सप्टेंबरला रक्त तपासलं. २०० रुपये. युरिक ॲसिड ९.१.

आता घरोघरी ही बातमी पोचली. "बायकांना कुठं गाऊट होतो?" "तो तर मटण-दारूवाल्यांचा आजार." कुणी माझ्यासमोर बोललं, कुणी मागे. मला मात्र त्या बोलण्यानं बाबा आठवले. बाबांचा अंगठा असाच सुजायचा. गळ्यात तुळशीची माळ, पहाटे हरिपाठ, आणि तरी गावात कुणीतरी भजनाच्या बैठकीत बोलून गेलं की ही दुखणी पिणाऱ्यांना होतात. त्यानंतर पाय दुखायला लागला की बाबा आठवडाभर मळ्यातल्या वस्तीवर जाऊन राहायचे. आई डबा पाठवायची. १९९८ साली ते गेले. त्यांच्या त्या दुखण्याला कुणी कधी नाव दिलं नाही, औषध तर नाहीच.

जाऊबाईंनी प्रेमानं यादी करून दिली. तूरडाळ, मटकी, हरभरा, पालक, फ्लॉवर, टोमॅटो, मशरूम, वांगं, चिंच सगळं बंद. नवरात्र ते दिवाळी मी भात, भाकरी, दुधी आणि ताक यावर काढली. चार किलो वजन उतरलं, चेहरा ओढल्यासारखा झाला. २८ ऑक्टोबरला पुन्हा २०० रुपये. आकडा ८.८. महिनाभर डाळ सोडून पदरात पडलं ते पॉइंट तीन! त्या संध्याकाळी मी रडले. आपलंच काहीतरी चुकतंय, आपण कुठेतरी चोरून खातोय असं मलाच माझ्याविषयी वाटायला लागलं होतं.

फिजिशियननी कऱ्हाडच्या एका मूत्रपिंडतज्ज्ञांचं नाव दिलं. फोन केला तेव्हा ६ नोव्हेंबरची वेळ मिळाली. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे रजा गेली नाही. साताऱ्याहून कऱ्हाडला एसटीनं बायकांना अर्धं तिकीट, चाळीसेक रुपयांत काम झालं. फी ५०० रुपये. दोन तास बसले, आणि आतली पंचवीस मिनिटं मला त्याआधीच्या चार महिन्यांपेक्षा मोलाची वाटली.

मॅडमनी आधी सगळ्या चालू गोळ्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. ही पहिली टीप: नुसती नावं सांगू नका, पट्ट्या घेऊन जा. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन १२.५ होतं. फेब्रुवारीपासून चालू. त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली, पाळी कधी गेली ते विचारलं, घरात कुणाला असं दुखणं होतं का ते विचारलं. मी बाबांचं सांगितलं. मग विचारलं, "लघवीतलं युरिक ॲसिड कुणी मोजलंय का?" कुणीच नव्हतं. चार महिन्यांत माझं रक्त तीनदा काढलं होतं, लघवी एकदाही तपासायला दिली नव्हती.

"शरीरातलं युरिक ॲसिड दोन वाटांनी जातं," त्या म्हणाल्या. "तिसरा हिस्सा आतड्यांतून, दोन हिस्से मूत्रपिंडातून. रक्तात ते वाढलं तर ते जास्त तयार होतंय की कमी जातंय, हे आधी बघायला हवं. बहुतेकांचं कमी जात असतं. आणि तुम्ही डाळ सोडून बसलाय. उद्यापासून डाळ खा, नेहमीचं जेवण जेवा, नेहमीच्या गोळ्या घ्या, आणि मग चोवीस तासांची लघवी जमा करून द्या."

घरी येऊन त्या रात्री मी आमटी-भात जेवले.

चोवीस तासांच्या लघवीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याबद्दल मला कुणी नीट सांगितलं नाही आणि लाजेपोटी मी विचारलंही नाही. लॅबमधून पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन मिळतो, डिपॉझिट नव्हतं. तळाशी थोडं द्रावण होतं. मी नेहमीच्या सवयीनं कॅन विसळायला घेतला, तेवढ्यात लॅबमधला मुलगा ओरडला, "मावशी, धुवू नका!" ते क्षाराचं द्रावण असतं. आम्लात युरिक ॲसिडचे खडे होऊन तळाशी बसतात आणि मोजणीत कमी भरतं. म्हणून या तपासणीच्या कॅनमध्ये आम्ल घालत नाहीत, क्षार घालतात. तो हाताला लागला तर चरचरतो, म्हणून थेट कॅनमध्ये न बसता वेगळ्या मगात धरून मग ओतायचं. वेगवेगळ्या तपासण्यांचे कॅन वेगवेगळे असतात, तेव्हा "युरिक ॲसिडसाठी" असं स्पष्ट सांगून घ्या आणि थंड जागी ठेवायचा की नुसता सावलीत, हेही तिथंच विचारा.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. माझी ६.१० होती. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, आणि दुसऱ्या दिवशी ६.१०ची पहिली, एवढी सगळी कॅनमध्ये. एकही थेंब बाहेर नाही. शौचाला जाताना आधी मग वापरायचा, हे कुणी सांगत नाही, पण तिथेच चूक होते.

माझी मात्र वेगळ्याच ठिकाणी झाली. मी ९ नोव्हेंबरला सुरुवात केली, आणि विधानसभेच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाचा निरोप आदल्या रात्री आला. शिक्षकांना ते चुकत नाही. दिवसभर तिथं, आणि दुपारी एकदा तिथल्या स्वच्छतागृहात जाऊन आल्यावर लक्षात आलं. संध्याकाळी लॅबला फोन केला. एकदा गेलं तर काय होतं, असं वाटत होतं. लॅबच्या ताईंनी समजावलं की लघवीतलं क्रिएटिनिनही मोजतात. तो स्नायूंतून रोज तयार होऊन लघवीतून जाणारा टाकाऊ पदार्थ, तो वजनाच्या हिशोबानं ठरावीक भरावा लागतो. कमी भरलं तर गोळा करण्यात चूक आहे हे कळतं, आणि न कळलं तर अख्खा निष्कर्षच चुकतो. कॅन रिकामा करून परत दिला. त्यांनी नवा दिला, पैसे घेतले नाहीत.

२० नोव्हेंबरला मतदान, मी केंद्रावर होते. २३ला, शनिवारी, निकाल. घरात सकाळपासून टीव्ही लागला होता, सगळे आकडे बघत होते आणि मी न्हाणीघराच्या दाराला "मग!" असं लिहिलेला खडूचा फळा टांगून आपलं काम करत होते. रविवारी सकाळी ६.१०ला कॅन पुरा झाला. बाजाराच्या कापडी पिशवीत घालून रिक्षानं लॅबला नेला. त्याच वेळी रक्तही दिलं. हेही महत्त्वाचं आहे: रक्त आणि लघवी एकाच दिवशीची नसतील तर पुढचं गणित होत नाही. लघवीतलं युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि रक्तातलं दोन्ही मिळून ८५० रुपये. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी.

लघवी १४०० मिलिलिटर. तिच्यात दर डेसिलिटरला युरिक ॲसिड २६ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन ६८. रक्तात युरिक ॲसिड ८.९, क्रिएटिनिन ०.९. लघवीचा सामू (पीएच) ५.०, म्हणजे बरीच आम्ल.

२९ नोव्हेंबरला पुन्हा कऱ्हाड. मॅडमनी कागद उलटा करून त्यावर गणित मांडलं. लघवीतलं युरिक ॲसिड गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं युरिक ॲसिड गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, गुणिले शंभर. उत्तर ३.९. "मूत्रपिंडानं शंभर भाग गाळले, त्यातले चारसुद्धा बाहेर गेले नाहीत. निरोगी माणसात सात ते दहा जातात."

मी गणिताची शिक्षिका. मला ते घरी येऊन पुन्हा करून बघितल्याशिवाय चैन पडेना. माझ्या क्रिएटिनिनवरून हिशोब केला तर दिवसाला सुमारे १०५ लिटर पाणी माझ्या मूत्रपिंडांत गाळलं जातं. त्यातून ९,४०० मिलिग्रॅम युरिक ॲसिड चाळणीतून उतरतं. कॅनमध्ये सापडलं ३६४. उरलेलं नऊ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चमचे पोह्यांच्या वजनाएवढं, रोज उतरतं आणि रोज परत रक्तात जातं. मी तोपर्यंत मूत्रपिंडाला चहाच्या गाळणीसारखं समजत होते, चोथा एका बाजूला आणि चहा एका बाजूला. तसं नाहीच. आधी सगळं खाली सोडायचं आणि मग हवं ते निवडून परत उचलायचं, अशी त्याची रीत आहे. साखर, मीठ, पाणी उचलतं ते कळतं. पण युरिक ॲसिड का उचलावं? मॅडम म्हणाल्या की कुत्र्यामांजरांच्या शरीरात ते आणखी फोडणारं यूरिकेज नावाचं एंझाइम असतं, माणसाच्या पूर्वजांनी ते फार मागे गमावलं. शिवाय रक्तात ते काही प्रमाणात उपयोगीही पडतं. त्यामुळे शरीर त्याला निव्वळ कचरा मानत नाही, जपून ठेवतं.

हे उचलण्याचं काम गाळणीनंतरच्या नळीच्या पहिल्या वळणांत होतं. तिथल्या पेशींना दारं असतात. नळीकडच्या बाजूचं मुख्य दार म्हणजे युरॅट-१. ते कसं चालतं हे मॅडमनी सांगितलं तसंच लिहिते, कारण मला ते तिथल्या तिथं पटलं.

"बोहारीण आठवते ना? जुने कपडे दिले की भांडं देते, कपडे नसतील तर भांडं नाही. हे दार बोहारणीसारखं आहे. पेशीतून लॅक्टेट किंवा कीटोन असं काहीतरी नळीत जातं आणि त्याच्या बदल्यात नळीतलं युरिक ॲसिड पेशीत येतं. मग पेशीच्या मागच्या बाजूला ग्लट-९ नावाचं दुसरं दार आहे, त्यातून ते रक्तात उतरतं. पेशीत जितके जुने कपडे जास्त, तितकी भांडी जास्त."

मी विचारलं, "कीटोन म्हणजे उपाशी राहिल्यावर होतात ते?"

त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पर्समधून रोजनिशी काढली. पहिला झटका आषाढीच्या उपवासानंतर दीड दिवसानं. दुसरा निर्जळी हरतालिकेनंतर दीड दिवसानं. आषाढीआधी लोणंद-फलटण उन्हात चाललेले, वाटेत पाणी कमी आणि बाटलीतली गोड थंड पेयं जास्त. त्या पेयांमधल्या फ्रुक्टोजनंही युरिक ॲसिड वाढतं, हे त्यांनीच सांगितलं. दारू पिणाऱ्यांत लॅक्टेट वाढतं, उपाशी माणसात कीटोन. दार तेच. माझ्या मनात एकदम बाबा आले. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, चातुर्मास, आणि दिवसभर मळ्यात घाम. बाबांना कुणी पिणारा ठरवलं होतं, आणि तेच दार उपवासानंही चालतं. युरॅट-१चा शोध जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली लावला. ज्या लोकांत हे दार जन्मतः बिघडलेलं असतं त्यांच्या रक्तात युरिक ॲसिड जेमतेम सापडतं, त्यांच्या अभ्यासातून ते पक्कं झालं. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ही दारं कशी घडतात ते आईवडिलांकडून येतं, ग्लट-९ आणि एबीसीजी-२ या दोन दारांच्या बाबतीत तर विशेष. एबीसीजी-२ उलटं काम करतं, युरिक ॲसिड बाहेर ढकलतं, मूत्रपिंडात आणि आतड्यातही. ते ढिलं असलं तरी साठतं.

माझ्या बाबतीत तीन गोष्टी एकावर एक आल्या होत्या. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक युरिक ॲसिड परत उचलण्याचं काम दाबून ठेवतं, म्हणून बायकांना गाऊट सहसा पाळी गेल्यावर होतो. माझी गेली २०१९ला. त्यावर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनची गोळी. तिनं मीठपाणी जातं, अंग किंचित कोरडं राहतं, आणि नळी मिठाबरोबर युरिक ॲसिडही जास्त ओढून घेते. आणि त्यावर उपवास. ती गोळी ज्यांनी दिली त्यांची चूक मला वाटत नाही, रक्तदाबाला ती चांगलीच आहे. फक्त अंगठा सुजल्यावर कुणीतरी ती पट्टी हातात घेऊन बघायला हवी होती, आणि मीही दाखवायला हवी होती.

मग डाळीचं काय? इथं मला आणखी एक गणित सुटलं. दिवसाला ३६४ मिलिग्रॅम हे बाहेर टाकण्याचं प्रमाण वाढलेलं नाही, म्हणजे माझ्या शरीरात युरिक ॲसिड जास्त तयार होतच नव्हतं. रोज तयार होतं तेवढं शेवटी बाहेर पडतंच, फक्त तोंड अरुंद असलेल्या तळ्यासारखं: पाणी आधी वर चढतं, मग तेवढं वाहून जातं. शंभरात चारच्या ऐवजी आठ भाग सुटले असते, तर तेच ३६४ मिलिग्रॅम टाकायला रक्तात ४.३ पुरलं असतं. माझं ८.९ला जाऊन थांबलं होतं. रक्तात साधारण ६.८च्या वर युरिक ॲसिड विरघळून राहू शकत नाही, थंड सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक होतात, आणि अंगठा हा शरीराचा सगळ्यात थंड कोपरा. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की डाळी आणि पालेभाज्यांतल्या प्युरिनमुळे (अन्नातला हा घटक फुटून युरिक ॲसिड होतं) गाऊट वाढतो असं आढळलेलं नाही. प्राण्यांचं मांस, विशेषतः काळीज-भेजा, काही मासे, बिअर, गोड पेयं यांचा संबंध आहे. दूध-ताक उलट चांगलं. जाऊबाईंची यादी मी घडी घालून ठेवली आहे, टाकवत नाही, पण वाचतही नाही.

त्या दिवशी क्लोरथॅलिडोनची गोळी बंद झाली. तिच्याऐवजी लोसार्टन आणि ॲम्लोडिपिन. लोसार्टन रक्तदाबाचंच औषध, पण ते युरॅट-१चं दार थोडं अडवतं. पाणी दिवसाला अडीच लिटर. सोनोग्राफी केली, ११०० रुपये, खडा नव्हता. सोनोग्राफीच का, तर युरिक ॲसिडचा निव्वळ खडा साध्या एक्स-रेवर दिसत नाही. एकादशी करायला बंदी नाही, पण निर्जळी नाही, आणि फराळ पोटभर. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, औषध आणि पाण्यानं व्रत मोडत नाही.

३० डिसेंबरला ७.४. खूप उतरलं, पण सहाच्या खाली हवं. मी मॅडमना विचारलं की दारच अडवणारं जोरदार औषध का देत नाही. प्रोबेनेसिड तसं आहे, त्या म्हणाल्या, पण माझी लघवी इतकी आम्ल आहे की त्यात एकदम जास्त युरिक ॲसिड सोडलं तर खडा व्हायची भीती. त्यामुळे ॲलोप्युरिनॉल, जे मुळात तयारच कमी होऊ देतं. तळ्याचं तोंड रुंद करता येत नसेल तर येणारा ओढा आटवायचा. १ जानेवारी २०२५पासून १०० मिलिग्रॅम, सोबत सहा महिने कोल्चिसिन रोज एक. ॲलोप्युरिनॉलच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही दिसलं तर गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखान्यात यायचं, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. ही प्रतिक्रिया क्वचित येते पण जिवावर बेतू शकते. मला आली नाही. दहा गोळ्यांची पट्टी तिसेक रुपयांना.

संक्रांतीला घोटा दुखला. भीतीनं हातपाय गार पडले, गोळीच चुकीची असं वाटलं. फोन केला. साठलेले स्फटिक विरघळायला लागले की सुरुवातीला असं होतं, गोळी बंद करायची नाही, हे आधी सांगितलेलं मी विसरले होते. चार दिवसांत गेलं. महिन्यानं ६.८, मग गोळी २०० केली, फेब्रुवारीअखेर ६.१, मग ३००. २ एप्रिलला ५.३. मधल्या दोन तपासण्या जिल्हा रुग्णालयात केल्या. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत, फक्त सकाळी लवकर रांगेत उभं राहायची तयारी हवी.

जूनमध्ये पालखीच्या आधी माहेरी गेले. दादा ६१ वर्षांचा, घरची शेती तोच बघतो. जेवणं झाल्यावर मी ओसरीवर बाबांचं बोलायला लागले, युरॅट-१, बोहारीण, कीटोन, सगळं. वहिनी ऐकत होती. दादा काही बोलला नाही. रात्री सगळे झोपायला गेल्यावर तो मळ्याकडे निघाला, मी मागोमाग गेले. वस्तीच्या पायरीवर बसून त्यानं डाव्या पायातली चप्पल काढली आणि बॅटरीचा उजेड अंगठ्यावर पाडला. सांध्याला गाठ आलेली होती. सहा वर्षं झाली, म्हणाला. कुणाला सांगितलं नाही. "माळ आहे ना गळ्यात."

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "तो कॅन कुठं मिळतो म्हणालीस?"

मी सांगितलं. डॉक्टरांकडे आधी जायचं, चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्यायच्या, कॅन युरिक ॲसिडचाच मागून घ्यायचा आणि धुवायचा नाही. सकाळची पहिली सोडून द्यायची, आणि घड्याळ बघून वेळ लिहायची.